‘तोंडावर ताबा ठेवा’ म्हणण्याआधी

गेल्या वर्षी ताईला घेऊन एका आहारतज्ज्ञांकडे गेले होते. ताई परिचारिका आहे. नोकरीला २१ वर्षं झाली, त्यातली निम्मी तरी रात्रपाळीत गेली असतील. वजन ८२ किलो, साखर काठावर, गुडघे कुरकुरायला लागलेले. आत जेमतेम दहा मिनिटं लागली. काट्यावर उभं केलं, टेपने कंबर मोजली, एक छापील कागद हातात दिला आणि वर म्हणाले, “ताई, औषधबिवषध काही नको. फक्त तोंडावर ताबा ठेवा.”

जिना उतरताना ताई मधेच थांबली आणि कागद वाचायला लागली. पहिलीच ओळ होती, ‘सकाळी ७ वाजता कोमट पाणी व ४ भिजवलेले बदाम’. सकाळी सातला ताई वॉर्डात पुढच्या पाळीला ओव्हर देत असते. साडेआठला घरी पोचते, आंघोळ करून, दोन घास खाऊन दहाला आडवी होते आणि दुपारी दीड-दोनला उठते. उठल्यावर काय होतं ते मी कितीदा पाहिलंय. जेवते, भाजी-भाकरी व्यवस्थित पोटभर जेवते. मग ताट घासायला टाकते आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच फरसाणाचा डबा उघडते. बसत नाही, वाटीत काढून घेत नाही. झाकण डाव्या हातात तसंच धरलेलं, उजवा हात डब्यात. एकदा माझ्याकडे न बघताच म्हणाली, “पोट भरलंय गं, पण तोंड थांबत नाही.”

त्या एका वाक्यात जे विज्ञान आहे ते त्या छापील कागदात नव्हतं. लठ्ठपणाबद्दल आपण सार्वजनिकरीत्या जे काही बोलतो आणि ठरवतो, त्यातही ते नसतं. पंगतीत जाड माणसाच्या पानात दुसरी जिलबी पडली की दहा डोळे तिकडे वळतात. डॉक्टर, शेजारी, सासू, ऑफिसातले सहकारी, सगळ्यांचं निदान एकच: हिला जिभेवर ताबा नाही. हे निदान चुकीचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आपलं सरकारी धोरणही याच निदानावर उभं आहे, म्हणून ते नुसतं चुकीचं नाही, घातकही आहे.

गोष्ट भांगेपासून सुरू होते. भांग चढली की खा-खा सुटते, हे होळीला किंवा महाशिवरात्रीला ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पण का सुटते, याचं उत्तर मिळायला विसावं शतक संपत आलं. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेकुलाम आणि येहिएल गाओनी यांनी भांग-गांजातला नशा आणणारा घटक, टीएचसी, शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. १९८८ मध्ये अमेरिकेत ॲलिन हॉवलेट आणि विल्यम डेव्हान यांनी दाखवलं की मेंदूच्या पेशींवर या घटकासाठी नेमकी जागा आहे, कुलपात किल्ली बसावी तशी. त्या कुलपाला पुढे ‘सीबी-१’ असं नाव मिळालं. मग साहजिकच प्रश्न आला की रानात उगवणाऱ्या एका झाडाच्या किल्लीसाठी शरीर आपल्या मेंदूत कुलूप कशाला बसवून ठेवेल? शरीराची स्वतःची किल्ली असणार. ती १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये मेकुलाम, डेव्हान आणि लुमिर हानुश यांना डुकराच्या मेंदूत सापडली. तिचं नाव त्यांनी संस्कृतातून घेतलं: आनंदामाइड. तीन वर्षांनी दुसरी किल्ली सापडली, तिचं नाव टू-एजी. या किल्ल्या, त्यांची कुलपं आणि त्या बनवणारी-मोडणारी विकरं (एन्झाइम), या सगळ्यांना मिळून एंडोकॅनाबिनॉइड यंत्रणा म्हणतात. सोप्या मराठीत, अंगातली भांग.

हे पदार्थ शरीर साठवून ठेवत नाही. पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध द्रव्यापासून लागेल तेव्हा बनवतं आणि काम झालं की मोडून टाकतं. मेंदूत निरोप सहसा पुढे जातात. हे मात्र उलट जातात, निरोप घेणाऱ्या पेशीकडून पाठवणाऱ्या पेशीकडे, आणि तिला सांगतात की आता पुरे, जरा हळू. सीबी-१ ची कुलपं मेंदूभर पसरलेली आहेत. भूक-तहान सांभाळणाऱ्या भागात आहेत, चव-सुख-बक्षीस यांच्या वाटेवर आहेत, भीती आणि चिंता आवरणाऱ्या भागातही आहेत. आतड्यात, यकृतात, चरबीच्या पेशींतही आहेत. एकच कुलूप इतक्या दारांना आहे, हे लक्षात ठेवा. पुढे जे घडलं ते यामुळेच घडलं.

आधी भुकेचं बघू. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लांना पहिल्याच दिवशी सीबी-१ बंद करणारं औषध दिलं, तर ती आईला लुचतच नाहीत. दूध समोर असतं, आई समोर असते, आणि पिल्लं काही दिवसांत मरतात. २००१ च्या सुमाराला एस्टर फ्रीडे यांनी केलेला हा प्रयोग मी वाचला तेव्हा बराच वेळ दुसरं काही वाचता आलं नाही. टू-एजी माणसाच्या आईच्या दुधातही असतं. पहिला घोट घ्यावासा वाटणं, हेच या यंत्रणेचं काम आहे. त्याच वर्षी विन्चेन्झो दि मार्झो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चरबीच्या पेशींतून येणारं ‘आता पुरे’ असं सांगणारं लेप्टिन हे संप्रेरक मेंदूतली ही अंगातली भांग कमी करतं. ज्या उंदरांत लेप्टिनचं काम बिघडलेलं असतं त्यांच्यात ती जास्त सापडते आणि ते उंदीर खात सुटतात.

दुसरा प्रयोग २०११ चा, कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या विद्यापीठातला. उंदरांच्या पोटाला नळी बसवली, म्हणजे प्यायलेलं सगळं आतड्यात जाण्याआधीच बाहेर पडेल. मग काहींना साखरेचं पाणी दिलं, काहींना प्रथिनांचं, काहींना तेलाचं मिश्रण. साखरेने आणि प्रथिनांनी काही झालं नाही. तेल मात्र जिभेला लागताच आतड्याच्या वरच्या भागात या रसायनांची पातळी चढली, आणि उंदीर पीतच राहिले. पोटात काही पोचलेलंच नव्हतं! जिभेने स्निग्धपणा ओळखला, निरोप मेंदूकडून आतड्यात गेला आणि आतड्याने सांगितलं, आणखी. तिथेच ही रसायनं बनू दिली नाहीत किंवा त्यांचं कुलूप बंद केलं, तर ओढ थांबली. शेव-पापडी, चकली, वेफर्स, बटर लावलेला पाव यांच्यापुढे ‘एकच खाईन’ म्हणणारा माणूस कशाशी झुंजत असतो ते यावरून कळावं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण यंत्रणा तीच आहे.

तिसरा प्रयोग माणसांवरचा, आणि ताईसाठी सगळ्यांत जवळचा. २०१६ मध्ये शिकागो विद्यापीठात एरिन हॅन्लन यांनी १४ निरोगी तरुणांना चार रात्री साडेआठ तास आणि दुसऱ्या खेपेला चार रात्री साडेचार तास झोपायला दिलं. झोप तोडल्यावर रक्तातल्या टू-एजीची चढती कमान नेहमीपेक्षा सुमारे ३३ टक्के उंच गेली. ती दुपारी दोनच्या सुमाराला टोकाला पोचायची आणि रात्री नऊपर्यंत उतरायची नाही. दोन तासांपूर्वी भरपेट जेवण होऊनही ही मंडळी समोर ठेवलेल्या चिप्स-कुकींवर तुटून पडली. दुपारी दोनला! मी हे ताईला वाचून दाखवलं. ती काहीच बोलली नाही, फक्त कागद पुन्हा मागून घेतला आणि स्वतः वाचला.

आता ज्यांना वाटेल की हे सगळं इतकं स्वच्छ कळलंय तर कुलूप बंद करणारी गोळी का नाही काढत, त्यांच्यासाठी पुढची हकीकत. गोळी काढली होती. फ्रान्सच्या सानोफी कंपनीने १९९४ मध्ये सीबी-१ अडवणारं रसायन तयार केलं, त्याचं नाव रिमोनाबंट. मोठ्या चाचण्या झाल्या. युरोपातल्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी ६.६ किलो उतरलं, तुलनेसाठी खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचं १.८ किलो. कंबर उतरली, चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं. जून २००६ मध्ये युरोपने मान्यता दिली. वर्तमानपत्रांतून चमत्काराच्या गोष्टी आल्या.

पण ज्या कुलपाने भूक उघडते त्याच कुलपाने मन हलकं होतं. भुकेचं दार बंद करताना आनंदाचं दारही लोटलं जात होतं. २००७ च्या नोव्हेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी चार चाचण्यांतल्या ४,१०५ माणसांचा हिशेब मांडला. नैराश्यामुळे औषध सोडावं लागण्याची शक्यता अडीच पट, चिंतेमुळे तिप्पट. आणि चाचण्यांत गंभीर मानसिक आजार असलेल्यांना घेतलंच नव्हतं, म्हणजे बाहेरच्या जगात चित्र याहून वाईटच असणार होतं. त्याआधी १३ जून २००७ ला अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने १४ विरुद्ध ० अशा मतांनी औषध नाकारलं होतं. ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपने विक्री थांबवायला सांगितली. हृदयविकारासाठी चाललेली १८,६९५ लोकांची चाचणी अर्ध्यात बंद करावी लागली. तिच्यात औषध घेणाऱ्यांपैकी चौघांनी आत्महत्या केली होती, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी एकाने. त्याच वर्षी मर्क आणि फायझर यांनीही आपापली या जातीची औषधं गुंडाळली.

आपल्याकडे? आपल्याकडे एकाहून अधिक कंपन्या हे औषध बनवून विकत होत्या. युरोपने थांबवल्यानंतर भारतात अधिकृत बंदीची अधिसूचना निघाली ती डिसेंबर २००९ मध्ये, म्हणजे चौदा महिने उशिरा. त्या चौदा महिन्यांत किती जणांनी ही गोळी घेतली आणि त्यांच्या मनाचं काय झालं, याची नोंद ठेवायला नीट यंत्रणा तरी कुठे होती? औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सध्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१० मध्ये सुरू झाला. मला या गोष्टीचा राग येतो, आणि तो लपवायची गरज वाटत नाही. ज्यांना उदास वाटलं असेल त्यांना घरच्यांनी काय सांगितलं असेल याची कल्पना करा. “वजन उतरतंय ना, मग तोंड का पाडून बसलीस?”

हे जुनं उगाळायचं कारण म्हणजे आज आपण पुन्हा त्याच उंबरठ्यावर आहोत. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यापुढे स्वस्त देशी इंजेक्शनांची वाट मोकळी. ही औषधं वेगळ्या वाटेने, आतड्यातल्या जीएलपी-१ संप्रेरकाची नक्कल करून चालतात. त्यांना रिमोनाबंटच्या पंगतीत बसवणं अन्यायाचं होईल. आत्महत्येच्या विचारांशी त्यांचा संबंध आहे का, हे युरोप आणि अमेरिकेच्या नियामकांनी २०२४ मध्ये तपासलं आणि तसा कार्यकारण संबंध दिसला नाही. ज्यांना खरी गरज आहे त्यांना ती मिळावीत, आणि ताईसारखीला परवडतील अशा किमतीत मिळावीत. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं, हेही चाचण्यांतच दिसलं आहे. म्हणजे ही वर्षानुवर्षं घ्यायची औषधं आहेत. वर्षानुवर्षं घ्यायचं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली हवं, लग्नाआधी दोन महिने म्हणून घेतलेल्या पॅकेजसारखं नको. आणि सीबी-१ चा मोहही संपलेला नाही. मेंदूत कमी शिरेल अशी नवी गोळी, मोन्लुनाबंट, हाती यावी म्हणून नोव्हो नॉर्डिस्क या औषध कंपनीने २०२३ मध्ये ती बनवणारी कंपनीच विकत घेतली. सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल आला. १६ आठवड्यांत ७.१ किलो उतरले, खोट्या गोळीने ०.७. सोबत चिडचिड, बेचैनी, झोप उडणं. मात्रा वाढेल तसं तेही वाढत गेलं.

याचा अर्थ मी असा लावते की भूक ही शरीरात बाहेरून शिरलेली खोड नाही की काढून टाकली आणि मोकळं झालं. ती आनंदाशी एकाच दोऱ्याने शिवलेली आहे. म्हणून माणसाच्या आत हात घालण्याआधी माणसासमोर काय वाढलं जातं ते बदलायला हवं. क्रम हाच हवा.

यावर हमखास येणारा आक्षेप मला माहीत आहे: “मग आमच्या आजोबांच्या अंगात ही यंत्रणा नव्हती का? ते कुठे जाड होते?” होती. अगदी हीच होती. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडी-मातीच्या कामावर सुकडी खाऊन आणि घरी मिलोच्या भाकऱ्या थापून ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या जिभेलाही तेल लागलं की आतडं ‘आणखी’ म्हणायचं. फरक इतकाच की आणखी नव्हतं. करंजी दिवाळीला व्हायची, त्यासाठी साठवलेलं तेल वर्षभर पुरवायचं असायचं. यंत्रणा तीच राहिली आणि पाच रुपयांचं पाकीट शाळेच्या फाटकापर्यंत आलं. माणसं बेताल झाली म्हणून देशात वजन वाढलं, असं मानायचं तर २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत २०.६ टक्के असलेल्या जादा वजनाच्या स्त्रिया २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाल्या आणि पुरुष १८.९ वरून २२.९ वर गेले, ते कसं समजवायचं? चार-पाच वर्षांत कोट्यवधी लोकांचा ताबा एकदम सुटला?

आणि जाडी डोळ्यांना दिसते तेवढीच असते असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचा २००४ सालचा फोटो वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या अभ्यासात जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे पाऊण किलोने हलकी, तरी कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नाही. रक्तातल्या टू-एजीचं नातं एकूण वजनापेक्षा पोटाच्या आतल्या चरबीशी अधिक जुळतं. म्हणजे पंगतीत जिच्याकडे दहा डोळे वळले तिच्या शेजारी बसलेला शिडशिडीत, सुटलेल्या पोटाचा माणूस तितकाच किंवा जास्त धोक्यात असू शकतो. त्याला कुणी काही म्हणत नाही.

आता धोरणाकडे येऊ. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून तेल १० टक्के कमी वापरा असं घरोघरी आवाहन केलं. सल्ला वाईट नाही. पण त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून नमकीन, बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीम यांच्यावरचा जीएसटी १२ आणि १८ टक्क्यांवरून थेट ५ वर आला. गृहिणीला सांगायचं कढईतलं तेल कमी कर, आणि पाकिटातलं तेल स्वस्त करायचं! चहा-बिस्किट हाच ज्याचा सकाळचा आधार आहे त्या मजुराला दिलासा मिळाला, हे मी नाकारत नाही. त्याला बिस्किटाऐवजी दुसरं काहीतरी परवडलं असतं तर जास्त बरं, एवढंच म्हणते. साखरेच्या फसफसत्या पेयांवर ४० टक्के कर लावला तो योग्यच. मग साखरेला जो न्याय तो तेल-मीठ-मैद्याच्या पाकिटाला का नाही?

त्याहून सोपी गोष्ट म्हणजे पाकिटाच्या दर्शनी बाजूला इशारा. चिलीने २०१६ मध्ये काळे अष्टकोन छापायला लावले: साखर जास्त, मीठ जास्त, चरबी जास्त. शाळकरी पोरालाही वाचता येतील असे. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये मसुदा काढला तो ताऱ्यांचा, हॉटेलांना असतात तसे. म्हणजे वेफर्सच्या पाकिटावरही दीड-दोन तारे चमकणार. तारा बघून कुणी हात मागे घेत नाही. तो मसुदा येऊन तीन वर्षं उलटून गेली तरी इशारा काही पाकिटावर आलेला नाही. जिभेला तेल लागल्यावर शरीर काय करतं हे आता ठाऊक आहे. निर्णय घ्यायची जागा म्हणूनच जिभेच्या आधी, दुकानाच्या फळीपाशी आहे. तिथे माणसाला मदत नाकारायची आणि नंतर ताब्याच्या नावाने बोटं मोडायची, हे मला दुटप्पी वाटतं.

एक शंका तेलाच्याच जातीबद्दलही घेतली जाते. ही रसायनं ज्या कच्च्या मालातून बनतात तो लिनोलिक आम्लापासून येतो, आणि उंदरांना ते जास्त दिलं की ते लठ्ठ होतात. त्यावरून सूर्यफूल आणि सोयाबीनच्या तेलाला खलनायक ठरवणारे संदेश फिरतात. पण आपल्या मराठवाड्या-सोलापूरकडची करडई घ्या. तिच्या तेलात तर हे आम्ल तीन चतुर्थांशाच्या आसपास असतं, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली. उंदरावरून थेट कढईपर्यंत उडी मारू नये. तेल कुठलं, यापेक्षा ते दिवसभरात किती वेळा जिभेला लागतं हा प्रश्न मोठा आहे.

आणि झोप. कामाच्या पाळ्या हा आरोग्याचा विषय आहे, हे कुठल्याही लठ्ठपणाविरोधी मोहिमेच्या पोस्टरवर मी वाचलेलं नाही. पोलीस, परिचारिका, कंपन्यांचे सुरक्षारक्षक, कॉलसेंटरमधली पोरं, एसटीचे चालक, सगळ्यांची टू-एजीची कमान आपण रोज वर ढकलतो आणि मग वार्षिक तपासणीत त्यांनाच वजनावरून बोलतो.

ताई आणि तिच्या वॉर्डातल्या अकराजणींनी मिळून मेट्रनकडे एक अर्ज दिला. मागण्या दोनच. सलग सहा रात्रींऐवजी तीन लावाव्यात, आणि रात्री एकला वरण-भात किंवा भाकरी-भाजी, काहीतरी गरम जेवण मिळावं. अर्ज देऊन चार महिने झाले. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. कँटीन अजून रात्री दहालाच बंद होतं. त्यानंतर गेटाबाहेरची एकच टपरी उघडी असते, तिथे वडापाव मिळतो आणि बिस्किटाचे पुडे.